ट्रॅकला जाऊन त्याच टायरवर कोल्हापूरला परत यायचंय? मग टायर असा निवडा

भावांनो, आधी अंतराचं बघू, बाकीचं सगळं त्यावरनंच ठरतंय. आपल्या हुपरीला मोहितेंचा ट्रॅक आहे, कोल्हापूरची पोरं तिथनंच रेसिंगमध्ये वर गेलीत, त्याचा अभिमान आहेच, पण तो आखूड वळणांचा. घरची कार घेऊन थर्ड-फोर्थ गिअरला पूर्ण ताणायची म्हटलं की एकतर कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, नाहीतर चेन्नईच्या अलीकडं इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट. दोन्ही आपल्यापासनं हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊन येऊन दोन हजार किलोमीटर हायवे, आणि ट्रॅकवर किती? कारीचा एक लॅप 2.1 किलोमीटरचा, दहा-दहा लॅपची चार सेशन मारली तर 84 किलोमीटर. चेन्नईचा लॅप 3.7 किलोमीटरचा आहे, तिथं थोडं जास्त होईल, बस्स.

ट्रेलरवर गाडी टाकून नेणारे लोक वेगळे, त्यांचं गणितच वेगळं. आपण टायर घालणार, त्याच टायरवर कागल, निपाणी, बेळगाव करत जाणार, ट्रॅकवर मार देणार आणि त्याच टायरवर परत येऊन सोमवारी गोकुळ शिरगावला कामावर जाणार. आणि वर्षातले चार महिने तर पाऊसच. त्यामुळं माझं मत सरळ आहे, ओल्यात धरणारा टायर पहिला, गरम झाल्यावर न बिघडणारा दुसरा, आणि कोरड्या ट्रॅकवर लॅप टाइम देणारा तिसरा. बाहेरचे व्हिडिओ बघून लोक बरोब्बर उलट्या क्रमानं टायर घेतात आणि जुलैत गगनबावड्याला जाताना स्टेअरिंग घट्ट धरून बसतात.

टायरचे प्रकार, आपल्या कामापुरते

कंपनीतनं गाडीबरोबर येतो तो बहुतेक वेळा टूरिंग किंवा मायलेजवाला टायर असतो. कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, कडक, लई किलोमीटर जातो, आवाज कमी, पेट्रोल वाचवतो. ट्रॅकवर दोन-तीन लॅपनंतर हा टायर तापतो आणि मग गाडी वळायच्या ऐवजी सरळच जायला बघते, खांदे म्हणजे ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या चरांच्या भागाची) बाहेरची कड घासून गोल होते. पहिल्यांदाच ट्रॅकला जात असाल तर मात्र याच टायरवर जा असं मी सांगतो. तो किंचाळतो, लवकर घसरतो, पण कमी वेगातच आणि सांगून घसरतो, त्यामुळं गाडी शिकायला मिळते. फक्त टायर जुना किंवा फुगा आलेला नको.

त्याच्या वर अल्ट्रा हाय परफॉर्मन्स आणि मॅक्स परफॉर्मन्स. मिशलिन पायलट स्पोर्ट 4, पायलट स्पोर्ट 5, कॉन्टिनेंटल मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी6, अपोलोवाल्यांचा व्रेडेस्टाइन अल्ट्राक व्होर्टी, ही सगळी त्या घरातली मंडळी. यांचं कंपाउंड मऊ, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत कडक, पाणी बाहेर फेकायला रुंद चर असतात. रोजच्यासाठी आणि वर्षातनं एक-दोन ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवसांसाठी, मला हाच गट बरोबर वाटतो, आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ जणांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

त्याच्याही वर 200 ट्रेडवेअरवाले (हा आकडा खाली सांगतो) आणि सेमी स्लिक, म्हणजे अगदी कमी चर असलेले, योकोहामा अ‍ॅडव्हान ए052, टोयो आर888आर असली नावं तुम्ही ऐकली असतील. कोरड्यात विषयच हार्ड, गाडी रुळावरनं गेल्यागत वळते. पण नवीन असतानाच चर उथळ, त्यात थोडे घासले की साचलेल्या पाण्यावर टायर तरंगायला लागतो. आणि हे टायर गरम झाल्याशिवाय नीट धरत नाहीत, सकाळी सातला ताराबाई पार्कातनं बाहेर पडताना ते काही गरम नसतात. वर 2020 च्या जूनपासनं बाहेरनं टायर आयात करायला सरकारी परवाना लागतो, त्यामुळं असले टायर आले तर आले, आणि त्यातला एक फाटला तर तसाच दुसरा मिळेपर्यंत गाडी घरात. आपल्या वापराला हे नको. हौस असेल तर दुसरा रिमचा सेट करा, त्याबद्दल खाली बोलू.

बर्फातले किंवा ऑल सीझन टायर कुणी सेकंडहँड रिमबरोबर स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ते कंपाउंड थंडीसाठी केलेलं असतं. कोल्हापूरचा डिसेंबर कितीही गार वाटला तरी टायरच्या भाषेत ती थंडी नव्हे, आणि मे महिन्यात दावणगिरीच्या पुढं तापलेल्या हायवेवर असला टायर चिखलागत मऊ पडतो.

ट्रेडवेअरचा आकडा

टायरच्या अंगावर बारीक अक्षरात ट्रेडवेअर, ट्रॅक्शन, टेम्परेचर असं लिहिलेलं असतं, ती अमेरिकन पद्धत आहे पण इथं मिळणाऱ्या बऱ्याच टायरवर सापडते. ट्रेडवेअरचा आकडा जितका कमी तितका टायर मऊ आणि लवकर संपणारा असा ढोबळ हिशोब. 400 च्या वरचे शांत प्रवासाचे, 300 च्या अलीकड-पलीकडचे आपल्या कामाचे, 200 आणि खाली म्हणजे ट्रॅककडं झुकलेले. पण एक लक्षात ठेवा, हा आकडा कंपनी स्वतःच टेस्ट करून टाकते, म्हणून एका कंपनीचा 320 आणि दुसऱ्या कंपनीचा 320 सारखाच असेल असं नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तुलना करायला तो जास्त उपयोगाचा. ट्रॅक्शनला एए किंवा ए बघा, हा ग्रेड ओल्या रस्त्यावरच्या ब्रेकिंगचा असतो म्हणून आपल्याला महत्त्वाचा, आणि टेम्परेचर ए च पाहिजे, बी वाला ट्रॅकला नेऊ नका.

साइझ, म्हणजे सगळ्यात जास्त गोंधळाची जागा

मोठं रिम म्हणजे भारी गाडी हे डोक्यातनं काढा. टायरची एकूण उंची कंपनीच्या टायरएवढीच राहिली पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचं दाखवतो, गिअरिंग बदलतं, एबीएसचा हिशोब बिघडतो. उंची काढायला इंजिनिअर लागत नाही. 185/65 आर15 मध्ये 185 ही मिलिमीटरमधली रुंदी, 65 म्हणजे साइडवॉल त्या रुंदीच्या 65 टक्के, आणि 15 हे रिमचे इंच. रिमचे इंच गुणिले 25.4, त्यात साइडवॉलची दुप्पट मिळवा. स्विफ्टचं 185/65 आर15 घ्या, 381 अधिक 240.5, म्हणजे 621.5 मिलिमीटर. 195/55 आर16 काढलं तर 620.9 येतंय, अर्ध्या मिलिमीटरचा फरक, मस्त. व्हर्टस नाहीतर स्लाव्हियाचं 205/55 आर16 हे 631.9, त्याला 225/45 आर17 घातलं तर 634.3, हे पण चालतंय. पण त्याच गाडीला दिसायला भारी म्हणून 215/50 आर17 घातलं तर 646.8 होतंय, पंधरा मिलिमीटर उंच, आणि मग स्टेअरिंग पूर्ण फिरवल्यावर चाकाच्या वरचं आतलं प्लास्टिकचं लायनर घासायला लागलं की कुणाला विचारायचं?

आपल्या रस्त्यांसाठी 16 इंचाच्या खाली फारसा परफॉर्मन्स टायर मिळत नाही आणि 17 च्या वर खड्डे सोडत नाहीत. 16 किंवा 17 वर थांबा. 18 चं रिम आणि पातळ वॉलचा टायर घेऊन पावसाळ्यानंतरच्या शहरात फिरायचं म्हणजे दर महिन्याला रिम सरळ करणाऱ्याकडं हजेरी. पाणी साचलेलं असतं तेव्हा खड्डा दिसत नाही, आणि एका फटक्यात साइडवॉलच्या आतले दोरे तुटले की बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर रिपेअर होत नाही, पंक्चरवाला कितीही म्हणाला तरी, आणि तो घेऊन ट्रॅकवर तर पायसुद्धा ठेवू नका.

बाहेरचं अलॉय घेताय तर पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचं माप), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, तिन्ही जुळवा. भोक मोठं असलं तर हब रिंग, म्हणजे चाक बसतं तो हब आणि रिम यांच्यातली फट भरणारी कडी, लागते, नाहीतर शंभरच्या वर स्टेअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग करून करून माणूस थकतो. तयार मिळते ती बहुतेक प्लास्टिकची, ट्रॅकवर ब्रेक तापले की ती मऊ होते. आपण कोल्हापुरात राहतो त्याचा फायदा घ्या की राव! उद्यमनगरात जाऊन हबचं आणि रिमचं माप द्या, लेथवर अ‍ॅल्युमिनियमची रिंग चोख करून देतील. ही सोय पुण्या-मुंबईच्या पोरांना कुरिअरनं मागवावी लागते.

दुकानात काय बघायचं

195/55 आर16 87व्ही असं लिहिलेलं असेल तर 87 हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर 545 किलो, आणि व्ही म्हणजे 240 चा वेग. एच 210, डब्ल्यू 270, वाय 300. आपण 240 नं जाणार नाही हे मलाही माहीत आहे, पण वेगाचं अक्षर वरचं असलं की तो टायर उष्णता जास्त सहन करतो, म्हणून ट्रॅकसाठी व्ही किंवा त्याच्या वरचाच घ्या. लोड इंडेक्स कंपनीच्या आकड्याच्या खाली कधीच जाऊ द्यायचा नाही. ट्रॅकला जाताना गाडीत मागं जॅक, टूलबॉक्स, दोन दोस्त, आणि परत येताना कुणीतरी बेळगावात कुंदा घेतोच, वजन कमी नसतंय.

मग तारीख. डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, 2325 असेल तर 2025 सालातला 23 वा आठवडा. परफॉर्मन्स टायर आपल्याकडं हळू खपतात म्हणून दुकानात पडून राहिलेला माल निघतो. सहा महिन्यांचा चालतो, वर्षाचा असेल तर भाव पाडून मागा, दोन वर्षांचा असेल तर दुसरं दुकान. चारही टायरची तारीख स्वतः वाकून बघा, एकाची बघून समाधान मानू नका. आयएसआयचा शिक्का पण बघा, आणि बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतनं चिकटवायला सांगा.

दोनच बदलायचे असतील तर? पैसे नसतील तर थांबा, पण पुढं भारी आणि मागं जुने असं घालून ट्रॅकवर जाऊ नका. आपल्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह, पुढं धरलं आणि मागं सुटलं की गाडी गर्रकन फिरते, आणि ते ओल्या घाटात झालं तर खाली दरी असते.

रोजच्या रस्त्यावर

नवीन टायरवर साच्यातनं काढताना लावलेल्या द्रव्याचा थर असतो, त्यामुळं पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर शांत चालवा. राधानगरी, फोंडा घाट, कणकवली आणि गगनबावड्यानं परत असा एक फेरा केला तरी बरंचसं भागतं, सोलकढी पण होते. नवा कोरा टायर डायरेक्ट ट्रॅकला नेऊ नका, पूर्ण उंचीचे ट्रेड ब्लॉक, म्हणजे चरांमधले रबराचे ठोकळे, गरम झाल्यावर वळणात हलतात आणि त्यांचे तुकडे पडतात. हजार-दीड हजार किलोमीटर झालेला टायर ट्रॅकला जास्त चांगला टिकतो. म्हणजे हिवाळ्यात ट्रॅक असेल तर टायर दिवाळीच्या आधी घाला.

ऊस हंगामाबद्दल वेगळं सांगायलाच पाहिजे, बाहेरच्या कुठल्याच माहितीत हे मिळत नाही. शेतातनं ट्रॉल्या बाहेर येतात तिथं डांबरावर माती वाळून बसलेली असते, त्यावर पहाटेचं दव पडलं की टायर मिशलिन असो नाहीतर आणि कुठला, पातळ चिखलावर कुठलाच धरत नाही. मऊ टायर खडे पण जास्त उचलतो, चरात अडकलेले खडे आठवड्यातनं एकदा स्क्रू ड्रायव्हरनं काढत जा.

कायद्यानं 1.6 मिलिमीटरपर्यंत ट्रेड चालतं, पण पावसाळ्यात आपल्याकडं 3 च्या खाली मी तरी जात नाही. यातनंच एक चांगला हिशोब निघतो. मे अखेरीस ट्रेड 3 ते 4 मिलिमीटर राहिलंय असे टायर रस्त्यासाठी संपत आलेत पण ट्रॅकसाठी मस्त आहेत, उंची कमी झाल्यामुळं ब्लॉक हलत नाहीत आणि टायर कमी तापतो. ते काढून ठेवा, पावसाळ्यासाठी नवीन घाला, आणि हिवाळ्यात जुने ट्रॅकला वापरा. उन्हात किंवा गच्चीवर ठेवू नका, अंधारात, कोरड्या जागी, पिशवीत गुंडाळून.

ट्रॅकवरची हवा

इथं जरा सावकाश वाचा, कारण टायर कितीही महाग घेतला तरी निम्मा फरक हवेचाच असतो.

गार टायरमध्ये 30 पीएसआय भरला आणि ट्रॅकवर आतली हवा 30 डिग्रीवरनं 75 डिग्रीला गेली तर तोच टायर साडेछत्तीसच्या पुढं जातो. हवा जास्त झाली की टायरचं पोट फुगतं, रस्त्याला मधलाच पट्टा टेकतो आणि गाडी साबणावर गेल्यागत वाटायला लागते. म्हणून गरम टायरचा आकडा महत्त्वाचा. आपल्या साध्या हॅचबॅक-सेडानला गरम असताना पुढं 34 ते 36 च्या मध्ये ठेवून सुरुवात करा, मागं एक-दोन कमी-जास्त करून बघा. पण गार असतानाच भीतीनं 24-25 वर आणू नका, पहिल्या लॅपला साइडवॉल दुमडते आणि कड खाल्ली जाते.

साइडवॉलजवळ ट्रेड संपतं तिथं बऱ्याच टायरवर छोटा त्रिकोण असतो. ट्रेडच्या कडेपासनं त्या त्रिकोणावरनं खाली साइडवॉलपर्यंत पांढऱ्या खडूनं किंवा बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं तीन-चार जागी रेघ मारा. चार-पाच लॅप करून या. पॉलिश त्रिकोणापर्यंतच घासलं असेल तर हवा बरोबर, त्रिकोणाच्या खालपर्यंत गेलं असेल तर टायर दुमडतोय, दोन पीएसआय वाढवा, आणि त्रिकोणाच्या बरंच वर थांबलं असेल तर थोडी काढा. बाहेर आल्या आल्या मोजा, चहा पिऊन आल्यावर मोजलेला आकडा कामाचा नाही. पंपावरचा गेज सोडा, स्वतःचा एक चांगला डिजिटल गेज घ्या.

ट्रॅकवर सलग पाच-सहा लॅपच्या वर ताणू नका, मध्ये एक लॅप सावकाश मारा. शेवटचा लॅप ब्रेक न वापरता गार करण्यासाठी, आणि आत येऊन हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळं डावा पुढचा टायर सगळ्यात जास्त मार खातो. दुपारच्या जेवणाला थांबाल तेव्हा डावं-उजवं बदलून टाका, पण टायरवर फिरण्याचा बाण असेल तर असं करता येत नाही. म्हणून बाणवाल्यापेक्षा आतली-बाहेरची बाजू लिहिलेला टायर घेतला तर बरं पडतं. नट टॉर्क रेंचनंच आवळा, फोक्सवॅगन-स्कोडाला 120 न्यूटन मीटर, बाकीच्यांनी गाडीच्या पुस्तकात बघा, आणि पहिल्या सेशननंतर परत एकदा तपासा.

दोरी घालून काढलेलं पंक्चर असलेला टायर ट्रॅकवर नको. आतनं मशरूम पॅच, म्हणजे छत्रीसारखा रबरी तुकडा, मारला असेल आणि पंक्चर ट्रेडच्या मध्यावर असेल तर रस्त्यावर बिनधास्त वापरा, ट्रॅकवर तोही मागच्या बाजूलाच आणि जपून. आणि नेहमीच्या इन्शुरन्समध्ये रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरलेलं नसतं, हे घरातनं निघायच्या आधीच डोक्यात पक्कं असू द्या.

परत निघताना

ट्रॅकवर गरम टायरची हवा काढून 34 वर आणलेली असते. गाडी उभी राहिली, टायर 25 डिग्रीपर्यंत गार झाला की तोच टायर 27 दाखवतो. चार माणसं आणि सामान भरून 27 वर रात्रभर हायवेला 100 नं चालवायचं म्हणजे साइडवॉल आतनं भाजत जाते आणि फुटायची वेळ नेमकी चित्रदुर्गच्या पुढं कुठंतरी अंधारात येते. त्यामुळं बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत पाहिजेच, निघायच्या आधी टायर गार होऊ द्या आणि दाराच्या स्टिकरवर पूर्ण लोडचा जो आकडा असेल तेवढी हवा भरा. साइडवॉलला हात फिरवून आत-बाहेर फुगा, चीर बघा, आतली बाजू बघायला स्टेअरिंग पूर्ण वळवा. ट्रेडवर चिकटलेले रबराचे गोळे दिसतील, ते थोडा वेळ आवाज करतात आणि धारवाड यायच्या आत निघून जातात, घाबरू नका. घरी आल्यावर अलाइनमेंट करा, टो, म्हणजे वरनं बघताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असेल तर ट्रॅकपेक्षा जास्त टायर हायवेवरच खातो.

दुसरा सेट कधी घ्यायचा

वर्षाला तीन-चार ट्रॅक डे व्हायला लागले की. तेव्हा कंपनीची मूळ रिम ट्रॅकसाठी ठेवा, त्याला मऊ टायर घाला, आणि रोजसाठी चांगला टूरिंग, प्रायमसी 4 एसटी किंवा अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी6 सारखा. हॅचबॅकची मागची सीट पाडली की चार चाकं कशीबशी बसतात पण मग दोघंच जाऊ शकता, आणि चाकं पट्ट्यानं बांधा, जोरात ब्रेक मारल्यावर सतरा-अठरा किलोचं चाक मानेवर यायला नको. तीन-चार गाड्या एकत्र जात असाल तर सगळ्यांची चाकं, जॅक, कंप्रेसर असं एका छोट्या हत्तीत टाकून आदल्या दिवशी पुढं पाठवा, खर्च वाटला जातो. एकटे असाल आणि वर्षातनं एकदाच जात असाल तर दुसऱ्या सेटचे पैसे चांगल्या ब्रेक पॅडला, नव्या डॉट 4 ब्रेक ऑइलला आणि ट्रॅकच्या एन्ट्रीला घाला.